फूटपट्टी आणि नंदीबैल

“मुकी हाय का गं ती?”

आवाज कपाटाच्या पलीकडून आला. मी अलीकडे, कपाट आणि भिंत यांच्यामधल्या सापटीत उभी राहून जर्नलला घालायचा ब्राऊन पेपर शोधत होते. पलीकडे कुणीतरी हसलं. “मुकी कशाला असेल? इंग्लिश मीडियमची आहे. वडील मिलिटरीत होते तिचे.”

“मग मिलिटरीत बोलायची बंदी असती व्हय?”

आता बाहेर पडले असते तर मी ऐकलंय हे त्यांना कळलं असतं. म्हणून ब्राऊन पेपर सापडूनही मी तिथेच उभी राहिले. तेवढ्यात सर आले आणि त्यांनी हजेरी सुरू केली. माझा नंबर आल्यावर मी कपाटामागूनच “प्रेझेंट सर” म्हटलं. सगळा वर्ग वळून कपाटाकडे बघायला लागला.

“सर, कपाटाची बी हजेरी लागली,” तोच आवाज म्हणाला.

पाच मिनिटांनी सरांनी रोल नंबरप्रमाणे प्रयोगाच्या जोड्या लावल्या, आणि तो आवाज वर्षभरासाठी माझा जोडीदार झाला.

सत्तरच्या दशकातली मधली वर्षं होती. सांगलीच्या एका कॉलेजात मी बी.ए.ला मानसशास्त्र घेतलं होतं. वडील फौजेत असल्यामुळे माझं शिक्षण छावण्यांच्या गावी, इंग्रजी शाळांमधून झालं. ते निवृत्त होऊन साताऱ्याजवळच्या आमच्या गावी परतले आणि मला सांगलीच्या वसतिगृहात ठेवलं. घरी आम्ही मराठीच बोलत असू, पण वर्गातली मराठी वेगळी होती. उद्दीपक, प्रतिक्रियाकाळ, अंतर्निरीक्षण हे शब्द मी डाव्या हाताने लिहिल्यासारखे लिहीत असे. बोलायचं झालं तर आधी सगळं वाक्य मनात जुळवून, तपासून घेई. तोवर विषय पुढे गेलेला असे.

माझी जोडीदार नदीकाठच्या एका गावाहून रोज एसटीने येई. घरी ऊस, म्हशी, थोरला भाऊ फौजेत. तिच्या गावातून कॉलेजात आलेली ती पहिली मुलगी. भावाने सुट्टीवर आल्यावर वडिलांकडून शब्द घेतला होता की ती पास होत राहील तोवर तिला शिकू द्यायचं. एक वर्ष जरी गेलं तरी कॉलेज बंद आणि पुढच्या उन्हाळ्यात लग्न. हे तिने मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं, शेंगा सोलता सोलता, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल.

तिला माझ्याबद्दल एक गोष्ट अचूक कळायची. वर्गात मध्येच ती कानाशी येऊन म्हणायची, “आत्ता बोलणार हुतीस न्हवं?”

“तुला कसं कळलं?”

“कळतंय.”

आमची प्रयोगशाळा म्हणजे जिमखान्याची जुनी सामानाची खोली होती. कोपऱ्यात अजून एक फाटका व्हॉलीबॉल होता. सर मिरजेहून यायचे, आणि आरशात बघून चांदणी गिरवायची लाकडी पेटी त्यांनी तिथल्याच एका सतार बनवणाऱ्याकडून करून घेतली होती. तिला सतारीसारखंच पॉलिश होतं. सर ती पेटी बाहेर काढताना आधी हात पुसायचे.

पहिल्या तासाला त्यांनी विचारलं, “मानसशास्त्र हे शास्त्र कुठे सुरू झालं?”

पुढच्या बाकावरून उत्तर आलं, “जर्मनीतल्या पहिल्या प्रयोगशाळेत.”

“बरोबर. परीक्षेत हेच लिहा, गुण मिळतील. पण मी तुम्हाला त्याच्या कितीतरी आधीची एक हकीकत सांगतो. इंग्लंडमधल्या एका वेधशाळेत एका सहायकाची नोकरी गेली, तिथून सुरू करू.”

मग ते टेबलाच्या कडेवर बसले आणि सांगायला लागले. दुर्बिणीच्या काचेत एक बारीक तार असे. तारा ती तार ओलांडतो ती वेळ टिपायची. डोळा दुर्बिणीला, कान घड्याळाच्या ठोक्यांकडे. दोन ठोक्यांच्या मधे नेमका कुठे तारा तारेवरून गेला, ते मनाने ठरवायचं. सहायकाची वेळ दरवेळी मुख्य खगोलशास्त्रज्ञापेक्षा उशिराची यायची. फार नाही, एका सेकंदाहूनही कमी. ताकीद दिली, तरी तेच. मुख्य म्हणाले, हा मन लावून काम करत नाही. काढून टाकला.

“बरीच वर्षं गेली,” सर म्हणाले. “दुसऱ्या देशातल्या एका खगोलशास्त्रज्ञाने ही नोंद वाचली आणि त्याला शंका आली. सहायक चुकत नसेल तर? त्याने स्वतःची वेळ इतरांच्या वेळेशी ताडून बघितली. कुणाचीच कुणाशी जुळेना. मोठमोठ्या विद्वानांचीही नाही. मग प्रश्नच उलटा फिरला. तारा केव्हा गेला, हा प्रश्न राहिला बाजूला. तारा गेला हे माणसाला केव्हा कळतं? बघणं आणि कळणं यांच्यामधे वेळ जातो. ती वेळ मोजता येते! तोवर मन म्हणजे तत्त्वज्ञांनी खुर्चीत बसून बोलायची गोष्ट होती. आता तिच्याकडे कुणीतरी घड्याळ घेऊन आलं.”

माझ्या हातांवर काटा उभा राहिला. मन ही माझ्या दृष्टीने झाकून ठेवायची वस्तू होती, इतरांना न दाखवता सांभाळायची. ती मोजण्यासाठी कुणी रात्र-रात्र ठोके मोजत बसलं असेल, ही कल्पनाच मला आली नव्हती. मला शंभर प्रश्न विचारायचे होते. मी पहिला जुळवायला घेतला.

माझ्या आधी माझी जोडीदार उठली. “सर, मग त्या सहायकाला परत घेतलं का?”

“नाही. तोवर तो वारला होता.”

“मग काय उपेग!” ती म्हणाली आणि खाली बसली.

वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी फळ्याकडे तोंड केलं आणि उगाचच पुसलेला फळा परत पुसला.

त्या टर्मला मी वेड लागल्यासारखी वाचत होते. वाचनालयातली इंग्रजी पुस्तकं माझ्याशिवाय कुणी नेत नसे. दुपारच्या सुट्टीत मी ती मराठीत सांगायची आणि माझी जोडीदार माझी मराठी सुधारायची. त्वचेला दोन टोकं टोचली तरी किती अंतरापर्यंत ती एकच वाटतात, हे आम्ही एकमेकींच्या पाठीवर केसांच्या पिनांनी करून पाहिलं. हातात वजन असताना त्यात किती भर घातली की फरक कळतो, ते तिने शेंगांवर पाहिलं. मूठभर शेंगांत चार घातल्या तर कळतं, पिशवीभर शेंगांत चार घातल्या तर कळत नाही. “हे तर आमच्या आईला बी ठावं हाय,” ती म्हणाली, “पर तिनं लिवून न्हाई ठेवलं.”

मग पाचवा प्रयोग आला. प्रतिक्रियाकाळ.

यंत्र बिघडलेलं होतं, म्हणून सरांनी साधी रीत दिली. प्रयोगकर्त्याने फूटपट्टी वरच्या टोकाला धरून उभी लोंबती ठेवायची. समोर बसलेल्या प्रयुक्ताने, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग चालला आहे त्याने, खालच्या टोकाशी अंगठा आणि बोट उघडं ठेवायचं. प्रयोगकर्ता “तयार” म्हणेल आणि थोडं थांबून पट्टी सोडेल. किती थांबायचं ते दरवेळी बदलायचं, म्हणजे अंदाज बांधता येणार नाही. पट्टी जितकी खाली घसरून पकडली जाईल तितका वेळ लागला. सेंटिमीटर वाचायचे, तक्त्यावरून वेळ काढायची. वीस वेळा.

आधी मी प्रयुक्त झाले. माझे आकडे अठरा, वीस, एकोणीस, असे चारचौघींसारखे आले. मग मी पट्टी धरली.

तिचा पहिला आकडा सतरा होता. दुसरा सोळा. मग चौदा, अकरा, आठ. दहाव्या खेपेनंतर ती पाचवर पकडायला लागली. दोनदा तर पट्टी सुटायच्या आतच मुठीत होती. ते मी प्रामाणिकपणे “रद्द” म्हणून लिहिलं आणि परत सोडली.

“तुझा हात केवढा चपळ आहे,” मी म्हणाले. बोलले तेवढं एकच वाक्य.

“म्हशी लाथा मारत्यात रोज,” ती म्हणाली. “शिकावं लागतंय.”

आम्ही दोघी खूश होतो. मला वाटलं, आपल्याला जगातला सर्वात वेगवान प्रयुक्त मिळाला आहे.

प्रत्येक प्रयोगाच्या शेवटी जर्नलमध्ये एक मथळा असे, अंतर्निरीक्षण. जर्मनीतल्या पहिल्या प्रयोगशाळेतूनच तो आमच्या वहीपर्यंत येऊन पोचला होता. माणसाला मोजून झालं की त्यालाच विचारायचं, तुझ्या आत काय घडलं ते बघून सांग. आमच्या कॉलेजात त्याची एक रीत पडून गेली होती. आदल्या वर्षीच्या मुलांची जर्नलं मागून आणायची आणि तो मजकूर जसाच्या तसा उतरवायचा. “सुरुवातीला थोडी भीती वाटली. नंतर उत्साह वाटला. प्रयोग मनोरंजक होता.” सर वर्गात म्हणायचे, “गेली सहा वर्षं या कॉलेजातल्या प्रत्येक विद्यार्थ्याला सुरुवातीला थोडी भीती वाटली आणि नंतर उत्साह वाटला. एवढं एकमत जर्मनीतसुद्धा कधी झालं नव्हतं.” सगळे हसायचे आणि पुढच्या प्रयोगाला परत तेच लिहायचे.

माझ्या जोडीदाराने ते उतरवलं नाही. तिने लिहिलं, “मला काही वाटले नाही. हात आपोआप मिटत होता.”

पुढच्या सोमवारी सरांनी तिची वही उघडून टेबलावर ठेवली. त्यांनी त्या वाक्याला लाल शाईने गोल केला होता आणि आकड्यांच्या रकान्यालाही.

“पाच सेंटिमीटर म्हणजे सेकंदाचा दहावा भाग,” ते म्हणाले. “डोळ्यांनी बघून माणसाचा हात इतक्या लवकर मिटत नाही. कुणाचाच नाही. हे आकडे एकतर रचलेले आहेत, नाहीतर तू पट्टी सुटायच्या आधी पकडत होतीस.”

“न्हाई सर. सुटल्यावरच धरली.”

“दोन रद्द आहेत. ते काय?”

ती वाकून वहीतल्या त्या दोन ओळींकडे बघायला लागली.

सरांनी स्वतः पट्टी हातात घेतली. “बस. आपण आत्ता बघू.” त्यांनी “तयार” म्हटलं, थांबले, पट्टी सोडली. एकोणीस. परत, अठरा. परत, एकोणीस. दहाव्या खेपेपर्यंत एकदाही पंधराच्या आत पकडली गेली नाही. मागून कुणीतरी म्हणालं, “म्हशी दमल्या वाटतं आज.”

“मला खोट्या आकड्यांची चीड आहे,” सर म्हणाले. आवाज चढला नव्हता, उलट दुखावलेला होता. “चुकलेले आकडे चालतील. मन आहे, चुकणारच. पण रचलेले नाहीत. या जर्नलवर मी सही करणार नाही. शनिवारी सही झालेल्या जर्नलांची यादी ऑफिसात जाईल.”

सही नाही म्हणजे प्रात्यक्षिक परीक्षेला बसता येत नाही. बसता येत नाही म्हणजे वर्ष गेलं. वर्ष गेलं म्हणजे काय, ते त्या खोलीत आम्हा दोघींनाच माहीत होतं.

आणि ते आकडे मी लिहिले होते. एकेक आकडा मी माझ्या डोळ्यांनी वाचला होता. मला उभं राहून एवढंच म्हणायचं होतं. मी वाक्य जुळवलं. “सर, हे आकडे मी स्वतः...” आणि सरांनी दुसरी वही उघडली.

बाहेर आल्यावर ती माझ्याशी भांडली नाही. ते मला जास्त लागलं. ती एवढंच म्हणाली, “तू बोलणार हुतीस. दिसलं मला.” आणि एसटीला गेली.

दोन दिवस मी त्या वीस आकड्यांकडे बघत होते. सतरा, सोळा, चौदा, अकरा, आठ. रचणाऱ्या माणसाने पहिल्यापासून पाच लिहिले असते. हे तर कुणीतरी काहीतरी शिकत गेल्यासारखे उतरत होते. पण काय शिकत गेली होती ती? थांबण्याची वेळ तर मी दरवेळी बदलत होते, मनात आकडे मोजून. सरांच्या हातून सुटणारी पट्टी आणि माझ्या हातून सुटणारी पट्टी एकच होती. वेगळं काय होतं? हा प्रश्न डोक्यात आल्याबरोबर मला इतका उत्साह आला की मी मेसमध्ये भाजीऐवजी ताकात भाकरी कुस्करली. वेगळी मी होते.

बुधवारी दुपारी तास नव्हता. मी तिला ओढतच कृष्णेच्या घाटावर नेलं. पायऱ्यांवर ऊन होतं, खाली एक म्हातारी धुणं धूत होती. मी पिशवीतून फूटपट्टी काढली.

“आता आनि कशाला? सर म्हनाले ते म्हनाले.”

“एकदा. प्लीज.”

मी पट्टी सोडली. पाच. परत, सहा. परत, पाच. आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो. आकडे खरे होते, याला आता ऊन आणि नदी साक्षी होती.

“तू नेमकं काय बघतेस?” मी विचारलं.

“पट्टी.”

“आणखी?”

“काय बी न्हाई. लिवलंय की मी. हात आपोआप मिटतोय.” मग ती थांबली आणि हसायला लागली. “नंदीबैलाला इचारल्यावानी इचारतीस.”

नंदीबैल दरवर्षी सुगीनंतर त्यांच्या खळ्यावर यायचा. अंगावर झूल, शिंगांना गोंडे, आणि सोबत ढोलकं गुबुगुबू वाजवणारा मालक. पाऊस पडेल का, म्हैस गाभण राहील का, बायका विचारायच्या आणि बैल मान हलवायचा. ही सात-आठ वर्षांची होती. मालक पाणी प्यायला विहिरीवर गेला तेव्हा हिने एकटीने बैलासमोर उभं राहून विचारलं, “मी शाळंत पयली येनार का?” बैल नुसता रवंथ करत राहिला. मालक परत आला, तेव्हा तोच प्रश्न परत विचारला. बैलाने लगेच मान डोलावली.

“मी म्हनलं, आवं मामा, तुमी दोरी वडता न्हवं? तर म्हनला, न्हाई गं बाय. मी काय बी करत न्हाई. मला बी ठावं न्हाई काय करतो ते. त्याला माझं कळतं.”

ती हे सहज सांगत होती. मी मात्र पायरीवरून उठून उभी राहिले होते. बैलाला विचारून काय उपयोग? बैल आत डोकावून कसं सांगणार की आपण कशाकडे बघून मान हलवली? माझ्या जोडीदाराने अंतर्निरीक्षण खरंखुरं लिहिलं होतं. तिला खरोखरच काही वाटलं नव्हतं. तिला विचारायचंच नव्हतं. माझ्याकडे बघायला हवं होतं.

(अशाच एका जर्मन घोड्याबद्दल मी पुढे खूप वर्षांनी वाचलं. तो खुराने गणितं सोडवायचा, आणि शेवटी निघालं की तो प्रश्न विचारणाऱ्याच्या अंगाकडे बघत होता. वाचताना मला त्या घोड्याचं नवल वाटलं नाही. आपल्या खळ्यावरचा बैल तिथपर्यंत कसा पोचला, एवढंच वाटलं.)

मी तिच्या डब्याच्या पिशवीतला टॉवेल घेतला आणि चेहऱ्यासमोर धरला. एका हाताने टॉवेल, दुसऱ्या हाताने पट्टी. “तयार.” सोडली. सहा.

“म्हणजे चेहरा नाही,” मी म्हणाले. “आता असं.” टॉवेलचं एक टोक दातांत धरलं, तो गळ्यापासून खाली सोडला आणि बाजूने फक्त पट्टीचा हात बाहेर काढला. दात आवळूनच “तयार” म्हटलं आणि सोडली.

अठरा.

ती किंचाळली. “परत!”

एकोणीस. अठरा. टॉवेल काढला, सहा. लावला, एकोणीस. आम्ही दोघी नाचायच्या बेतात होतो. माझ्या गळ्याच्या खाली, कंबरेच्या वर कुठेतरी काहीतरी होत होतं. ते मी करत होते, ती बघत होती, आणि दोघींपैकी एकीलाही ठाऊक नव्हतं.

“आगं ये पोरींनू,” खालून म्हातारी ओरडली. तिने हातातलं लुगडं तसंच पाण्यात सोडलं होतं आणि कमरेवर हात ठेवून उभी होती. “कवाधरनं बघतीया मी. ती उभी हाय न्हवं, ती पट्टी सोडायच्या आदी दम घेती. बुडी मारल्यावानी. खांदं वर जात्यात तिचं. मला हितनं दिसतंय.”

“कुणाचं, माझं?”

“मग काय माझं?”

मी श्वास सोडून, तो तसाच रोखून पट्टी सोडली. अठरा. मग मला एक गोष्ट सुचली. मी तिला सांगितली नाही. “तयार” म्हटलं, थांबले, छाती भरून श्वास घेतला आणि पट्टी सोडलीच नाही.

तिची मूठ खाडकन मिटली.

पट्टी वर माझ्या बोटांत होती, आणि खाली तिने ती आवळून धरली होती, न पडलेली. ती आपल्या मुठीकडे बघत राहिली, दुसऱ्याच कुणाची असावी तशी. मग इतकी हसली की तिला पायरीवर बसावं लागलं. “म्हंजे मी नंदीबैल!”

“आणि मी गुबुगुबूवाली.”

“काय झालं गं?” म्हातारी खालून विचारत होती. “जितलं कोन?”

आम्ही वीस आकडे टॉवेलसह आणि वीस टॉवेलशिवाय लिहिले. म्हातारीला पायरीवर बसवून तिच्याकडून मोजणी करून घेतली. तिने दर खेपेला पायरीवर एकेक खडा ठेवला. मला वाटतं, जर्मनीतल्या त्या पहिल्या खोलीतही सुरुवातीला साधारण असंच चालत असेल. कुणीतरी धरतंय, कुणीतरी सोडतंय, कुणीतरी खडे मांडतंय आणि कुणालाच धीर धरवत नाही.

परत येताना पुलाजवळ ती एकदम गंभीर झाली. “तुला एक सांगू? तू वर्गात बोलायच्या आदी बी आसाच दम घेतीस. दरवेळी. म्हनून मला कळतंय. खांदं वर जात्यात, आनि मी म्हनते आली बया, बोलली. आनि मग तू तो दम तसाच सोडून देतीस.”

मला एकदम उघडं पडल्यासारखं वाटलं. इतकी वर्षं मी समजत होते की आत काय चाललंय ते कुणाला दिसत नाही.

“शनिवारी मी सांगू का?” ती म्हणाली. “पर मी सांगितलं तर सर म्हनतील, नवी गोष्ट रचली.”

ते खरं होतं. प्रयुक्ताच्या सांगण्यावर आता सरांचा विश्वास नव्हता. त्या सहायकानेही सांगितलं असेल, मी मन लावूनच बघतो. सांगायला हवं होतं शेजारी उभ्या असलेल्याने, ज्याची वेळ त्याच्याशी जुळत नव्हती त्या मुख्य खगोलशास्त्रज्ञाने. तो बोलला नाही. तो वाईट माणूस होता असं नाही. त्याला फक्त स्वतःकडे बघायचं सुचलं नाही. मला तर सुचलं होतं.

शनिवारी सर यादी करत होते. टेबलावर जर्नलांचा गठ्ठा, उजवीकडे सही झालेली, डावीकडे एकच. मी तिसऱ्या बाकावर होते. पिशवीत फूटपट्टी, टॉवेल, आणि घाटावरचे चाळीस आकडे. वाक्य मी शुक्रवारपासून जुळवत होते. मराठीत जुळवलं, इंग्रजीत जुळवलं, परत मराठीत आणलं. त्यात “निवेदन” हा शब्द होता, “प्रयोगकर्त्याचा प्रभाव” होता.

सरांनी पेनाला टोपण लावलं. “झालं. एक राहिलं, ते राहू दे.”

आज ते जर्नल तिच्या घरी आहे, तिच्या नातवंडांनी चिकटपट्ट्या लावलेलं. पाचव्या प्रयोगाखाली सरांची सही आहे आणि तिच्यावर त्यांच्या अक्षरात एक ओळ आहे, “आकडे खरे, चूक मापणाऱ्यात.” पुढच्या वर्षापासून त्यांनी प्रयोगकर्त्याच्या अंगावर चादर टाकायला सुरुवात केली, असं मागून आलेल्या मुलींनी सांगितलं. पण हे सगळं नंतरचं. त्या क्षणी यादीचा कागद घडी होऊन खिशात चालला होता.

माझे खांदे वर गेले. ते मला या वेळी स्वतःला कळलं. बाजूच्या बाकावरून माझी जोडीदार माझ्याकडेच बघत होती, डोळे मोठे करून, आणि तिची मूठ बाकावर नकळत मिटली होती.

जुळवलेलं सगळं वाक्य डोक्यातून निघून गेलं. मी उठले, फूटपट्टी घेऊन पुढे गेले, तिला हाताने खूण करून समोरच्या खुर्चीवर बसवलं आणि पट्टी वर धरली.

“सर,” मी म्हणाले, आणि माझा आवाज कपाटापर्यंत जाऊन परत आला, “मी सोडते. तुम्ही पट्टीकडे बघू नका. तिच्याकडेही नको. माझ्याकडे बघा.”